नवतपा आणि जुना वायरलेस

नवतपा लागून नागपूरचा पारा 45 अंशांपलीकडे गेला, की सकाळी सुस्पष्ट बोलणारा माझा जुना वायरलेस संच दुपारी घोगरा होतो. यात कसूर बहुधा रिसीव्हरच्या दोलकातील क्रिस्टलचा, जो उष्णतेने आपली कंप्रता किंचित सोडतो आणि अरुंद फिल्टरच्या कडेला सरकलेला आवाज फाटतो. सबंध संच तापवून मात्र तपास लागत नाही. हेअर ड्रायरची ऊब देऊन, मग गोठवणाऱ्या फवाऱ्याचा निसटता स्पर्श एकेका घटकास करीत जावे; ज्यावर फवारा पडताच आवाज पूर्ववत होतो, तोच संशयित, मग तो क्रिस्टल असो वा तडकलेला डाख. डाख पुन्हा वितळवता येतो. वाहवलेला क्रिस्टल ट्रिमर फिरवून मे महिन्यात वठणीवर आणला, तरी पौषातल्या थंडीत दगा देतो. तो बदलणेच इष्ट.