जुन्या उघड्या मोटारीचा वारस : ॲबिंग्डन ते हिरोशिमा

#थ्रेड

१/ लाडकी मोटार थकली की मालकापुढे प्रश्न उभा राहतो : हिच्या जागी आणायची ती कोणती? हाच प्रश्न मोटार बनविणाऱ्यांपुढेही येतो. फरक इतकाच की तिथे उत्तर चुकले तर एखाद्या गावाची चूल विझू शकते. इंग्लंडमधील ॲबिंग्डन गावाला हा प्रश्न तीस वर्षांत वारंवार पडला. त्याचे शेवटचे उत्तर मात्र हिरोशिमात सापडले. त्याची ही हकीकत.

२/ ऑक्सफर्डच्या दक्षिणेस, थेम्स नदीच्या काठी ॲबिंग्डन वसले आहे. १९२९ साली तिथल्या एका चामड्याच्या कारखान्याच्या आवारात ‘एमजी’ मोटारींचे काम सुरू झाले. एमजी म्हणजे ‘मॉरिस गॅरेजेस’. मॉरिसच्या घरगुती मोटारींचे भाग घ्यायचे, त्यांवर देखणी, हलकी, दोन आसनांची गाडी उभारायची आणि ती परवडेल अशा किमतीला विकायची, ही कल्पना सेसिल किंबर यांची.

३/ दुसरे महायुद्ध संपले तेव्हा ब्रिटनची तिजोरी रिकामी होती. डॉलर हवे होते, आणि पोलादही निर्यात करणाऱ्या कारखान्यांना आधी मिळे. अशा वेळी एमजीने १९४५ मध्ये ‘टीसी’ बाजारात आणली. तिची घडण युद्धापूर्वीचीच होती आणि स्टिअरिंगही केवळ उजवीकडे होते. तरीही इंग्लंडमध्ये राहून गेलेल्या अमेरिकी सैनिकांना तिने वेड लावले.

४/ अमेरिकेतील मोटारी तेव्हा दिवाणखान्यासारख्या ऐसपैस होत्या. त्यांच्या शेजारी ही चिमुकली गाडी खेळण्यासारखी दिसे. पण टप मागे टाकून वळणावळणाच्या रस्त्यावर ती चालवणे हा तिथल्या तरुणांना अगदी नवा अनुभव होता. १९५० साली आलेल्या ‘टीडी’ला डाव्या बाजूचे स्टिअरिंगही मिळाले. जवळजवळ ३० हजार टीडी बनल्या आणि त्यांतील बहुतेक अमेरिकेत गेल्या.

५/ पण गाडीचे वय लपत नव्हते. उभे रेडिएटर, सुटी मडगार्डे, बाहेर डोळे वटारलेले हेडलाइट आणि पत्र्याखाली लाकडी चौकट! असा चौकोनी आकार वारा कापत नाही, वाऱ्याशी झुंजतो. त्यामुळे वेग ताशी १३० किलोमीटरच्या आतच अडखळे. त्याच सुमारास ताशी १६० किलोमीटर गाठणारे प्रतिस्पर्धी बाजाराच्या उंबरठ्यावर येऊन ठेपले होते.

६/ ॲबिंग्डनचे अभियंते सिड एनेव्हर यांना याची जाणीव होती. १९५१ च्या ल मान्स शर्यतीसाठी त्यांनी एका टीडीच्या चासीवर गोलाईदार, वाऱ्याला वाट देणारी बॉडी चढवली. शर्यतीत इंजिनाने दगा दिला, पण वेगाची खात्री पटली. एक दोष मात्र उघड झाला : चालक चासीच्या वर बसत असल्याने त्याचे खांदे आणि डोके वाऱ्यात उघडे पडत होते.

७/ एनेव्हर यांनी उपाय वरवरचा केला नाही. त्यांनी चासीच नव्याने आखली. तिच्या दोन्ही लांब तुळया बाहेरच्या बाजूस सरकवल्या आणि चालकाला त्यांच्या मध्ये, खाली बसवले. ‘ईएक्स १७५’ नावाचा हा नमुना १९५२ साली तयार झाला. थकलेल्या गाडीचा वारस जन्मला होता. आता फक्त वरिष्ठांची मोहोर हवी होती.

८/ ती मिळाली नाही. त्याच वर्षी ऑस्टिन आणि मॉरिस यांचे घराणे एक होऊन ‘बीएमसी’ स्थापन झाली (मुंबईची महापालिका नव्हे; ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन!). तिची सूत्रे ऑस्टिनच्या लिओनार्ड लॉर्ड यांच्या हाती होती. ऑक्टोबर १९५२ च्या लंडन मोटार प्रदर्शनात त्यांनी डोनाल्ड हीली यांची ऑस्टिन इंजिनाची उघडी गाडी पाहिली आणि ती बनविण्याचा करार केला. एकाच घरात दोन नव्या स्पोर्ट्स कार कशाला, असा हिशोब झाला. एमजीचा नमुना बाजूला पडला.

९/ हाती उरली ती रंगसफेदी. जुन्याच टीडीचे नाक थोडे मागे कलले, हेडलाइट मडगार्डांत बसवले आणि १९५३ मध्ये ‘टीएफ’ म्हणून ती लोकांपुढे ठेवली. आज संग्राहक तिला डोक्यावर घेतात. पण तेव्हाच्या ग्राहकाला तिच्या शेजारीच ऑस्टिन-हीली आणि ट्रायम्फ टीआर २ दिसत होत्या. दोन वर्षांच्या आत, ९,६०० गाड्यांवर टीएफचा प्रवास आटोपला.

१०/ ही वारसाची पहिली निवड, आणि तिचे अपयश बोलके आहे. टीएफने जुन्या गाडीचा चेहरा राखला. तो बदलण्याचे धाडस केले नाही. ग्राहकाला मात्र तो चेहरा प्रिय होता तो त्यामागच्या अनुभवामुळे. तोच अनुभव दुसऱ्या कुणाकडे अधिक वेगाने मिळू लागताच चेहऱ्याची मोहिनी ओसरली.

११/ विक्री घसरली तेव्हा लॉर्ड यांचे मन वळले आणि १९५४ साली एनेव्हर यांचा आराखडा फडताळातून बाहेर निघाला. जून १९५५ मध्ये तीन नमुने ल मान्सला धावले. प्रेक्षकांत मोटार घुसून ८० हून अधिक माणसे दगावली, तीच ही काळी शर्यत. एमजीच्याही एका गाडीला वेगळा अपघात होऊन चालक गंभीर जखमी झाला. उरलेल्या दोघींनी शर्यत पूर्ण केली. सप्टेंबरमध्ये गाडी बाजारात आली. नवी बाराखडी सुरू होते आहे म्हणून तिचे नाव ठेवले : ‘एमजीए’.

१२/ एमजीएचा चेहरा जुन्या एमजीशी जुळत नव्हता. पण इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना, आसने दोन, टप कापडी आणि यंत्रसामग्री घरगुती मोटारीतली, म्हणून किंमत आवाक्यात : किंबर यांचा हा जुना मंत्र तिने जसाच्या तसा जपला. सात वर्षांत १ लाखाहून अधिक एमजीए बनल्या. टीसी, टीडी आणि टीएफ या तिघींची बेरीज ५० हजारही भरत नाही.

१३/ १९६२ मध्ये एनेव्हर यांनीच तिचाही वारस घडवला. ‘एमजीबी’ला वेगळी चासी नव्हती, बॉडी हाच तिचा सांगाडा. तिच्या दारांना खालीवर होणाऱ्या काचा आल्या, आत जागा वाढली. मंत्र तोच राहिला. पुढच्या अठरा वर्षांत तिच्या सर्व प्रकारांच्या मिळून ५ लाखांहून अधिक गाड्या ॲबिंग्डनच्या फाटकातून बाहेर पडल्या.

१४/ पण अठरा वर्षे हे मोटारीचे म्हातारपण होय. १९६८ साली झालेल्या विलीनीकरणातून ‘ब्रिटिश लेलँड’ निर्माण झाली आणि एमजी व ट्रायम्फ हे जुने वैरी एका छपराखाली आले. ॲबिंग्डनने एमजीबीच्या वारसाचा विचार सुरू केला. त्यांच्या आराखड्यात इंजिन आसनांच्या मागे होते. कंपनीला मात्र एकच नवी स्पोर्ट्स कार परवडणार होती. कौल ट्रायम्फच्या बाजूने पडला.

१५/ १९७५ साली अमेरिकेत आलेली ट्रायम्फ टीआर ७ पाचरीसारखी टोकदार होती, आणि तिच्यावर पक्के छत होते! कारण असे, की अमेरिकेत सुरक्षिततेचे नियम कडक होत चालले होते. उघड्या मोटारींवर लवकरच बंदी येईल, अशी सर्वत्र धास्ती होती. कॅडिलॅकने तर १९७६ ची आपली एल्डोराडो ‘शेवटची अमेरिकी उघडी मोटार’ म्हणून विकली. ती बंदी कधी आलीच नाही.

१६/ उघड्या टपाची टीआर ७ रस्त्यावर यायला १९७९ उजाडले. तोवर लिव्हरपूलजवळचा तिचा पहिला कारखाना, संप आणि तंट्यांनी ग्रासून, बंदही पडला होता. १९८१ मध्ये गाडीच संपली. या वारसाने जुन्या गाडीची बाजारपेठ मागितली, पण डोक्यावरचे आकाश परत केले नाही; केले तेव्हा फार उशीर झाला होता.

१७/ दरम्यान म्हातारी एमजीबी राबतच राहिली. अमेरिकी नियमांसाठी १९७४ मध्ये तिला रबराचे काळे बोजड बंपर लावले आणि ती उंच केली. परिणामी वळणावर ती पूर्वीसारखी सावरेना. धुराच्या नियमांनी अमेरिकेतल्या तिच्या इंजिनाचा दमही घटवला. तरी तिला गिऱ्हाईक होते. वारस न दिलेल्या गाडीवर नव्या काळाचे ओझे लादत जावे, तशी तिची अवस्था झाली.

१८/ सप्टेंबर १९७९. ॲबिंग्डनमध्ये कारखान्याची पन्नाशी थाटात साजरी झाली. गावात एमजीच्या मिरवणुका निघाल्या. उत्सवाचे तोरण उतरले नाही तोच १० सप्टेंबरला कारखाना बंद करण्याची घोषणा आली. पौंड महागल्यामुळे अमेरिकेत विकलेली प्रत्येक गाडी तोट्यात जाते, असा कंपनीचा हिशोब होता. पिढ्यान्‌पिढ्या इथेच घडलेल्या कामगारांना ही बातमी उत्सवाच्या आठवड्यातच मिळाली.

१९/ एमजीच्या चाहत्यांनी लंडनमध्ये निषेध नोंदवला. ॲस्टन मार्टिनच्या पुढाकाराने खरेदीच्या वाटाघाटीही झाल्या, पण पैसा उभा राहिला नाही. ऑक्टोबर १९८० मध्ये शेवटची एमजीबी बाहेर पडली आणि फाटक बंद झाले. स्वस्त, हलक्या, उघड्या स्पोर्ट्स कारचे युग संपले, असेच त्या वेळी जाणकार म्हणत होते.

२०/ नेमक्या त्याच १९७९ साली जपानमध्ये एक संभाषण घडले. बॉब हॉल हे अमेरिकी मोटार-पत्रकार माझदाचे संशोधनप्रमुख केनिची यामामोतो यांना भेटले. माझदाने काय बनवावे, या प्रश्नावर हॉल यांनी जुन्या इंग्रजी धाटणीच्या हलक्या उघड्या गाडीचे वर्णन केले आणि फळ्यावर खडूने तिची आकृतीही काढली. १९८१ मध्ये हॉल स्वतःच माझदाच्या कॅलिफोर्नियातील कार्यालयात रुजू झाले.

२१/ पुढे कंपनीअंतर्गत स्पर्धा झाली. टोकियोच्या चमूने दोन आराखडे मांडले : एकात इंजिन पुढे आणि जोरही पुढच्या चाकांना, दुसऱ्यात इंजिन मध्यभागी. त्या काळी दोन्ही आधुनिक गणले जात. कॅलिफोर्नियाच्या चमूने जुनाच मंत्र मांडला : इंजिन पुढे, जोर मागे, डोक्यावर आकाश. १९८४ साली कौल मिळाला तो जुन्या मंत्राला. मग पहिला चालता नमुना बनवण्याचे काम गेले इंग्लंडमधील वर्दिंग येथील एका अभियांत्रिकी संस्थेकडे!

२२/ प्रकल्पाचे प्रमुख तोशिहिको हिराई यांनी सूत्र निवडले : ‘जिंबा इत्ताई’, म्हणजे स्वार आणि घोडा एकजीव. त्यासाठी वजन एक टनाच्या आत ठेवले. गिअरचा दांडा मनगटाच्या हालचालीत बदलेल इतका आखूड केला. एक्झॉस्टचा आवाजही कान देऊन घडवला. टप आसनावरून न उठता मागे टाकता येई. इंग्रजी गाड्यांचे गळके टप आणि रुसणारी इंजिने मात्र वारशात घेतली नाहीत.

२३/ फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात माझदाची ‘एमएक्स-५ मियाटा’ अवतरली. २००० साली, ५ लाख ३१ हजारांचा टप्पा ओलांडून, जगातील सर्वाधिक खपाची दोन आसनी स्पोर्ट्स कार म्हणून तिची गिनीज बुकात नोंद झाली. एमजीबी मागे पडली. २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी हिरोशिमातून बाहेर पडली. ॲबिंग्डनच्या घराण्याचा वारसा परक्या घराने चालवला.

२४/ एमजीच्या मालकांनाही मग जाग आली. १९९३ मध्ये एमजीबीच्याच बॉडीवर बेतलेली ‘आरव्ही ८’ निघाली. सुमारे २ हजार बनल्या आणि त्यांतील बहुसंख्य गेल्या जपानला! १९९५ मध्ये ‘एमजीएफ’ आली. तिचे इंजिन आसनांच्या मागे होते. पाव शतकापूर्वी ॲबिंग्डनने मांडलेली नि नाकारली गेलेली रचना ती हीच.

२५/ राहिला सामान्य मालक. १९८९ साली त्याच्या दारातली एमजीबी गंजत होती आणि जवळच्या शोरूममध्ये मियाटा उभी होती. पुष्कळांनी मियाटा घेतली. पण त्याआधी एक वर्ष, १९८८ मध्ये, एक अनपेक्षित तिसरा मार्ग खुला झाला होता : एमजीबीची जुनी साचेहत्यारे शोधून काढून तिच्या कोऱ्या बॉडी पुन्हा बनू लागल्या होत्या, त्याही ॲबिंग्डनहून फार लांब नसलेल्या फॅरिंग्डन गावात.

२६/ मग काही मालकांनी जुन्या गाडीचे इंजिन, चाके, आसने आणि स्टिअरिंग उचलून त्या कोऱ्या बॉडीत बसवले. पत्रा नवा आणि हाताला ओळखीचा गिअरचा दांडा जुना. वारस निवडण्याचा प्रश्न त्यांनी आणखी काही वर्षांसाठी पुढे ढकलला. त्यांतल्या कित्येक गाड्या आजही टप मागे टाकून धावत आहेत.

(समाप्त)