हातचा कुठे गेला?

आमच्या घरी हिशेब दोन ठिकाणी असतो. एक अप्पांच्या लाल वहीत आणि दुसरा, गेल्या वर्षापासून, मी केलेल्या प्रोग्रॅममध्ये. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. ‘सी’ भाषा हौसेने शिकलो. किराणा दुकानाची उधारी संगणकावर आणली, तेव्हा घरात माझा भाव चांगलाच वधारला होता.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात एका खानावळवाल्यांची मागील बाकी ५८,७८६ रुपये होती. त्यात ७,२५० रुपयांचा माल गेला. वहीत बेरीज ६६,०३६. पडद्यावर मात्र ५००! माझा प्रोग्रॅम फक्त शेवटची बाकी दाखवी. मी ऐटीत म्हणालो, “अप्पा, त्यांनी पैसे दिले असतील, तुम्ही वहीत जमा करायला विसरलात. यंत्र चुकत नाही.”

अप्पा सातवी शिकलेले. काही बोलले नाहीत. रात्री मात्र दिव्याखाली बसून पाडव्यापासूनचे आकडे त्यांनी तीनदा जुळवले. सकाळी एवढेच म्हणाले, “बाळ, कुणी दिलेले पैसे मी विसरत नाही. तुझंही एकदा बघ.”

बघितले. जागा वाचावी म्हणून बाकीसाठी मी ‘अनसाइन्ड शॉर्ट’ हा प्रकार निवडला होता. आमच्या संगणकावर त्याला १६ बिटांची जागा मिळते आणि तीत ० ते ६५,५३५ एवढेच आकडे मावतात. बेरीज झाली ती ३२ बिटांच्या ऐसपैस जागेत, आणि अगदी बरोबर झाली. ती लहान खणात ठेवताना सतरावा बिट गळाला. ६६,०३६ मधून ६५,५३६ गेले, उरले ५००. शाळेत गुरुजी ओरडत, “हातचा विसरलास!” इथे तेच घडले होते.

कम्पायलर गप्प का बसला? चिन्हरहित संख्या मावली नाही तर असेच करावे, हा ‘सी’चा नियमच आहे. ६६,०३६ हा आकडा मी प्रोग्रॅममध्ये थेट लिहिला असता, तर जीसीसीने लगेच इशारा दिला असता. पण दुकान चालू असताना होणारी बेरीज त्याला आधी कशी दिसणार? अशा धोक्याचा ‘कन्व्हर्जन’ नावाचा इशारा आहे, पण तो मुद्दाम मागावा लागतो. ‘वॉल’ म्हणजे ‘सगळे इशारे’ असे नाव असलेल्या पर्यायातही तो येत नाही!

थोरामोठ्यांचेही असे झाले आहे. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियन ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. ६४ बिटांची दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बसली नव्हती. तिथे ‘ॲडा’ भाषेने चूक पकडली होती. पण पकडल्यावर काय करायचे याची तजवीज नव्हती, आणि दिशा सांगणारा संगणकच बंद पडला.

माझी दुरुस्ती एका शब्दाची होती. अप्पांची क्षमा मागायला मात्र संध्याकाळ उजाडली. ते हसले. म्हणाले, “पानावर जागा संपली तर आम्ही पान उलटतो, आकडा कापत नाही.”

हल्ली दुकान बंद करताना मी दोन्ही हिशेब ताडून पाहतो. फरक दिसला, तर आधी माझा तपासतो.