दुसरा हात

सहा सेंटिमीटर म्हणजे किती? जेमतेम करंगळीएवढं. ४ सप्टेंबर २०२४ रोजी पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये सचिन खिलारीचा गोळा १६.३२ मीटरवर पडला आणि कॅनडाच्या ग्रेग स्टुअर्टचा १६.३८ वर. स्टुअर्ट उंचीनं सात फुटांच्याही वर, आणि त्याच्या-याच्यात करंगळीएवढं अंतर! सुवर्ण तिकडे गेलं, रौप्य करगणीला आलं. पुरुषांच्या गोळाफेकीत भारताला पॅरालिम्पिक पदक मिळालं ते चाळीस वर्षांनी. त्याआधीचं १९८४ सालचं, जोगिंदरसिंग बेदींचं.

करगणी सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यात. व्यंकटेश माडगूळकरांचा माणदेश तो. तिथल्या उन्हाची आणि आटलेल्या विहिरींची वर्णनं बुलढाण्यात बसून वाचताना मला कधी परकी वाटली नाहीत. आमच्याकडेही माणूस आधी आभाळाकडे बघतो, मग घड्याळाकडे. अशा गावात सचिन शाळकरी वयात सायकलवरून पडला. डावा हात मोडला, पुढे त्यात गँगरीन झालं. शस्त्रक्रिया झाल्या, पण कोपराशी स्नायू झडले ते झडलेच. तो मेकॅनिकल इंजिनिअर झाला, स्पर्धा परीक्षांच्या पोरांना शिकवू लागला, भालाफेकीत राष्ट्रीय सुवर्णही मिळवलं. मग खांदा दुखावला आणि भाल्याच्या जागी सहा किलोंचा गोळा हातात आला. बहुतेकांची कारकीर्द अशा दुखापतीशी थांबते. याची तिथून वर चढली. २०२३ मध्ये पॅरिसला १६.२१, जागतिक सुवर्ण. २०२४ मध्ये कोबेला १६.३०, पुन्हा सुवर्ण. मग ते १६.३२. एका वर्षात नऊ सेंटिमीटर, मग आणखी दोन. वर्षभराचा घाम मुठीएवढ्या अंतरात मावतो असा हा खेळ आहे.

मला कुतूहल आहे ते त्याच्या डाव्या हाताचं. गोळाफेक बघताना आपली नजर गोळ्याच्या हातावर असते. खरी गंमत दुसरीकडे चाललेली असते. सव्वादोन मीटरही रुंदी नसलेलं ते वर्तुळ. गोळा मानेला टेकलेला, गाल त्याच्यावर कललेला, पाठ मैदानाकडे. जोर निघतो तळपायातून, मांडीतून कमरेत येतो. त्याच वेळी मोकळा हात पुढे झेपावून छाती उघडतो, आणि ऐन क्षणी अंगाशी आवळला जाऊन ती बाजू खुंटासारखी रोवतो. एक बाजू थबकते म्हणून दुसरी सुटते. गोळ्याच्या हाताला उरतो तो शेवटचा धक्का. म्हणजे ज्या हाताचं नाव कुणी घेत नाही, त्याच्यावर निम्मा खेळ. सचिनच्या गटात एका हाताचं हे बळ कमी असलेलेच खेळाडू असतात. तिथं तो खुंट रोवायचा कशानं? कमरेनं, पाठीनं, पायानं. शरीरानं हा हिशेब नव्यानं मांडलाय, आणि अंक सोळाच्या पुढचा आलाय.

आमच्या बुलढाण्यात गोळा भरपूर दिसतो, पण तो भरतीचा. पहाटे धुक्यात मैदानावर चुन्याचं वर्तुळ आखून पोरं ७.२६० किलोंचा गोळा फेकत असतात. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीतल्या पन्नास गुणांतले पंधरा त्याचे. ‘ग्राउंड किती निघालं?’ ही इथली ख्यालीखुशाली. बहुतेक पोरं नुसत्या दंडानं फेकतात. मोकळा हात बाजूला लोंबत असतो, जणू सोबतीला आलेला पाहुणा. त्यांना दोष कसा द्यावा? साडेआठ मीटरला पूर्ण गुण मिळतात, त्यापुढचं अंतर कुणी मोजत नाही. तिरंदाजीचं तसं झालं नाही. इथं कुणीतरी धनुष्य दिलं, शिकवलं, पोरांना धरून ठेवलं. म्हणून इथला प्रथमेश जावकर २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्णापर्यंत पोचला. गोळ्याला तसा कुणी वाली भेटलेला मला तरी दिसला नाही.

परवा एका धिप्पाड पोराचा गोळा साडेआठच्या रेषेच्या बराच पुढे जाऊन थडकला. मातीत चांगला वाटीएवढा खळगा पडला. मित्रांनी रेषा ओलांडल्याची खूण केली आणि टेप उघडलाच नाही. मी म्हटलं, मोजा की रे, दहाच्या वर असेल. त्यानं गोळा पँटला पुसला, पुढच्याच्या हातात दिला आणि म्हणाला, “पंधरा भेटून राहिले नं काका, मंग अजून कायले मोजू?”