निपाणीचा गंध, बेळगावचा नाद

कोल्हापूरहून दक्षिणेस निघालेल्या प्रवाशाला निपाणी आधी नाकाने कळते. वखारींतील तंबाखूचा तो उग्र दर्प एकदा ओळखीचा झाला की विसरत नाही. तवंदीचा घाट ओलांडून संकेश्वरमार्गे बेळगाव गाठावे, तो तेथे कुंद्यासाठी आटणाऱ्या खव्याचा खरपूस वास, तांबड्या मातीचा ओलावा, वडगावच्या मागांचा खडखडाट आणि कपिलेश्वराची घंटा. येथल्या माणसाचे बालपण अशा नादगंधांनीच विणलेले असते.

वृद्धाश्रमांचा विचार करताना हे विसरता येत नाही. बेळगावजवळ बामणवाडीस ‘शांताई’ वृद्धाश्रम आहे. मुले दूरदेशी गेल्यावर अशा आश्रयाची निकड किती घरांना भासते, हे वाचकांस सांगणे नलगे. स्मृतिभ्रंश जडला की नावे आणि तारखा निसटतात. ओळखीचा सूर वा वास मात्र पुष्कळदा मागे उरतो.

हॉलंडमधील एडे गावी ‘हार्टेनबर्ग’ या संस्थेत १९७० नंतरच्या दशकात यान हुल्सेगे व आड व्हेरहूल यांनी तीव्र बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठी एक निराळी खोली सजविली. मंद रंगीत दिवे, पाण्यातून चढणारे बुडबुडे, सुगंध, संगीत, मऊ गाद्या. आणि तेथे कोणी काही करून दाखवावे, अशी अपेक्षा नाही. हुंगत शोधणे आणि डुलकी घेणे या अर्थांचे दोन डच शब्द जोडून तिला ‘स्नूझलेन’ हे नाव मिळाले. पुढे ही कल्पना स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांसाठीही वापरली गेली. मात्र २००२ च्या कॉक्रेन समीक्षेस तिचा लाभ सिद्ध झालेला आढळला नाही. तेव्हा महागडी यंत्रे मागविण्यापूर्वी थोडे थांबावे.

आयुष्यभर विड्या वळलेल्या आजींच्या हाती तंबाखू नको, पण तेंदूचे कोरडे पान द्यावे. विणकर आजोबांना सुताची लड द्यावी. स्वयंपाकघरात बेळगावी बासमती शिजत असेल, तर दार उघडे ठेवावे. एवढ्याला खर्च तो किती?

आणि भाषा? १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा भाग म्हैसूर राज्यात गेला. घराघरांत मराठी राहिली, शेजारी कन्नड नांदली. स्मृती विरू लागली की नंतर शिकलेली भाषा बहुधा आधी मावळते आणि आईची उरते. म्हणून कन्नड परिचारिकेने ‘आजी, जेवलात का?’ एवढे शिकावे, आणि मराठी सेवकाने कन्नड अज्जीला ‘ऊटा आयता?’ विचारावे. सीमेचा वाद न्यायालयात चालो. म्हातारपणी ओळखीचा शब्द कानी पडणे, हा दोघींचाही हक्क आहे.