उंट बांधला होता ना, सर?

शिरूरला आमच्या मोहल्ल्यात दर रविवारी जोहरच्या नमाजनंतर मी पोरांना तासभर शिकवतो. मी मौलाना नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला माणूस. अरबी वाचायला हाफिजसाहेब शिकवतात. अर्थ समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं, कारण पोरं मराठी शाळेतली. घरात दखनी, बाहेर मराठी. महिन्यातून एकदा लेकीकडे दौंडला जातो. न्हावरे, चौफुला करत एसटीने. तिथेही चारसहा पोरं जमतात.

सुरुवातीला मला सगळ्यात जास्त कुणी छळलं असेल तर ‘इन्शाअल्ला’ या शब्दाने. “पुढच्या रविवारी वही पुरी करून आणशील?” “इन्शाअल्ला, सर.” मान खाली, डोळे खिडकीबाहेर. तेव्हाच कळायचं की वही येणार नाही. शेवटी वैतागून मी वर्गात तो शब्दच बंद केला. एका पोराच्या दादाजींना ते कळलं, ते घरी आले आणि मला चांगलंच बोलले. त्यांचं बरोबर होतं. अल्लाचं नाव घ्यायला बंदी घालणारा मी कोण? मग नियम बदलला. आधी काय करणार आणि कधी करणार ते सांगायचं, मग इन्शाअल्ला म्हणायचं. “मंगळवारी मगरिबनंतर लिहितो, इन्शाअल्ला.” निम्म्या वह्या यायला लागल्या. उरलेल्या निम्म्यांचं काय करावं हे मला अजून सुचलेलं नाही.

तवक्कुल, म्हणजे अल्लावर भरवसा, शिकवताना उंटाची गोष्ट हटकून येते. तिर्मिजीच्या हदीस संग्रहात आहे ती. एकाने पैगंबर साहेबांना विचारलं, उंट बांधून भरवसा ठेवू की मोकळा सोडून? ते म्हणाले, आधी बांध, मग भरवसा ठेव. पोरांना ही फार आवडते. शाळेत ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही म्हण झालेली असते, त्यामुळे पटकन जुळते.

दौंडच्या एका पोराला राज्य राखीव पोलीस दलात जायचं होतं. तिथे दलाचे दोन गट आहेत, गणवेश रोज नजरेसमोर, त्यामुळे गावातल्या बऱ्याच पोरांचं ते स्वप्न असतं. “सर, दुआ करा.” मी विचारलं, धावतोस किती? आठवड्यातून दोनदा, म्हणाला. भरतीला पाच किलोमीटर धावावं लागतं. मी म्हटलं, दुआ करतो, पण उंट अजून सुटाच आहे. तो ओशाळून हसला. पुढच्या खेपेला भेटला तेव्हा फजरची नमाज पढून थेट मैदानावर जातो, असं त्याची अम्मी सांगत होती.

मुलींचं बऱ्याचदा उलटं असतं. शिरूरची दहावीची एक पोर सगळा अभ्यास दोनदा करून रात्ररात्र जागी राहायची, रडायची. तिला मी म्हटलं, पुस्तक मिट, दोन रकात नमाज पढ आणि झोप. तुझं झालं, आता पुढचं तुझ्या हातात नाही. मला वाटत होतं, आपल्याला हा विषय चांगला जमतो.

मग २०२३चा डिसेंबर आला. वर्गातल्या एका सातवीतल्या पोराचे मामू न्हावऱ्याकडे वाट्याने शेती करतात. लाल कांदा काढणीला आला होता. ८ तारखेपासून निर्यातबंदी लागली आणि भाव दणकन खाली आला. लाल कांदा चाळीत टिकत नाही, काढला की विकावाच लागतो. मामूंनी विकला. पट्टी घेऊन आले तेव्हा घरात कुणी कुणाशी बोललं नाही म्हणे.

पुढच्या रविवारी हा पोरगा शेवटच्या ओळीत बसला होता. मी दुसरंच काहीतरी शिकवत होतो, तेवढ्यात त्याने विचारलं, “सर, मामूंनी उंट बांधला होता ना? खत, पाणी, फवारणी, सगळं केलं. नमाजही चुकवत नाहीत. मग?”

वर्ग गप्प झाला. ‘अल्ला आजमावतो’ असं म्हणता आलं असतं. पण ते मी त्याच्या मामूंसमोर म्हणालो असतो का? नसतो. मग त्याच्यासमोर तरी कशाला म्हणायचं. “मला माहीत नाही,” म्हणालो आणि थोडा वेळ तसाच बसलो.

मग आठवली म्हणून हजरत हाजरांची हकीकत सांगितली. ओसाड माळ, तान्हा इस्माईल तहानेने रडतोय, आणि ही बाई पाण्यासाठी सफा ते मरवा, मरवा ते सफा पळतेय. सात खेपा. एक खेप साधारण साडेचारशे मीटर, फळ्यावर गुणाकार करून दाखवला: तीन किलोमीटरच्या वर. हजला जाणारे आजही तेवढं चालतात. आणि पाणी कुठे निघालं? ती जिथे पळाली तिथे नाही. सफावरही नाही, मरवावरही नाही. पोराच्या पायापाशी. जमजम.

“म्हणजे पळणं फुकट गेलं?” पुढच्या ओळीतल्या एकीने विचारलं.

“तसं असतं तर अजून लाखो लोक कशाला चालले असते?”

कांदेवाल्या पोराला ते पटलं नाही, चेहऱ्यावर दिसत होतं. “पण तिथं पाणी आलं तरी, सर,” एवढंच तो म्हणाला. यावरही माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवशी वर्ग लवकर सोडला.

त्यानंतरच्या रविवारी तो उशिरा आला. बोटं मातीने भरलेली, नखांत काळं. मामू काय म्हणतात, मी विचारलं.

“काही नाही. अर्ध्या रानात गहू पेरला. बाकीच्यात उन्हाळ कांदा. रोप तयारच होतं, टाकून कसं देणार? बाया मिळेनात, म्हणून आम्ही सगळेच लावतोय.”

“किती वाफे झाले?”

“अकरा. आज अजून चार होतील,” म्हणाला, आणि दाराकडे बघत, “सर, लवकर सोडाल का?”

मी त्याला आधी हात धुऊन यायला सांगितलं.