उत्तरकाशीची गिरिशाळा

भागीरथीच्या तीरावरील उत्तरकाशी यात्रेकरूंस गंगोत्रीच्या वाटेवरचा मुक्काम म्हणून परिचित आहे. १९६५ साली स्थापन झालेली नेहरू गिर्यारोहण संस्था याच गावी आहे. येथील प्राथमिक अभ्यासक्रम २८ दिवसांचा असतो. आधी तेखलाच्या कातळावर दोराचा सराव, मग हिमनदीवर मुक्काम. त्यात ‘अ’ श्रेणी मिळविणाऱ्यासच प्रगत वर्ग खुला होतो. शिक्षक होऊ पाहणाऱ्यास त्यापुढे अध्यापन-पद्धतीचा निराळा वर्ग करावा लागतो. कारण चढता येणे वेगळे आणि चढावयास शिकविणे वेगळे.

याच जिल्ह्यातील नाकुरीच्या बचेंद्री पाल बी.एड. झालेल्या होत्या. १९८४ साली एव्हरेस्ट गाठणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. पुढे जमशेदपूर येथे टाटा स्टीलच्या साहस प्रतिष्ठानाची धुरा वाहत त्यांनी असंख्यांना डोंगरवाटा शिकविल्या.

व्यापारी घरास हा व्यवसाय जोखमीचा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु जोखीम आधी जोखणे आणि हवा फिरताच, शिखर समोर असूनही, सर्वांना सुखरूप मागे आणणे हेच या शिक्षकाचे भांडवल होय. पेढीवरील शहाणपण याहून निराळे नाही. घरातील मुलाने वा मुलीने ही वाट मागितली, तर ‘मिळकत किती’ याआधी ‘शिकण्याची तयारी किती’ हे विचारावे.