सक्तीचे ताट

छत्रपती संभाजीनगरात मुकुंदवाडीपासून चिकलठाण्यापर्यंत जालना रस्त्याच्या आजूबाजूस ज्या खासगी खानावळी परगावच्या विद्यार्थ्यांच्या आधारावर चालतात, त्यांत गावी जाणाऱ्याने आदल्या दिवशी कळवावे आणि महिनाअखेरीस तेवढ्या दिवसांचा खाडा धरून रक्कम वजा व्हावी, हा रिवाज रुळलेला आहे. शिवाय वरण पातळ झाले, पोळ्या कच्च्या राहू लागल्या, तर पुढल्या महिन्यापासून शेजारच्या खानावळीत नाव घालण्याची मुभा असतेच. वसतिगृहाच्या भोजनगृहात मात्र पुष्कळ ठिकाणी सत्रारंभीच भोजनाची रक्कम सक्तीने वसूल होते, आणि ती एकदा जमा झाली की जेवणाऱ्याच्या हातचे एकमेव शस्त्र, म्हणजे उठून जाण्याचा अधिकार, संपुष्टात येतो. अन्नाचा दर्जा तेथूनच ढासळू लागतो, असे माझे मत आहे. त्याचा दोष एकट्या आचाऱ्याला देणे अन्यायाचे होईल. कारण ताटांची संख्या निश्चित, दर ठरलेला, आणि डाळ-तेलाचा भाव मात्र चढता, अशा स्थितीत ठेकेदाराला वरणात पाणी आणि भाजीत बटाटा वाढवण्याचा मार्गच सर्वांत सोपा वाटतो.

मीही अशाच एका वसतिगृहात राहिलो आहे. तेथे तक्रारवही होती. तीत आम्ही लिहीत असू, खाली अधीक्षकांची स्वाक्षरी होई, आणि भाजी तीच राही. परंतु त्याहून अधिक जिव्हारी लागलेली गोष्ट निराळी. माझ्या एका सोबत्याचे वडील घरची ज्वारी पोत्याने पाठवू शकत होते, रोख रक्कम मात्र त्यांना व्याजाने काढावी लागे. आणि त्या ज्वारीला आमच्या भोजनगृहाच्या हिशेबात स्थानच नव्हते. मुलाच्या पोटासाठी बापाने कर्ज काढावे आणि घरचे धान्य कणगीत पडून राहावे, हा विपर्यास मला आजही अस्वस्थ करतो.

तथापि सक्ती सर्वथा त्याज्य आहे असे मी म्हणणार नाही. २०१८ साली राज्याच्या आदिवासी विकास विभागाने शहरांतील आपल्या वसतिगृहांच्या खानावळी बंद करून भोजनखर्च थेट विद्यार्थ्यांच्या बँक खात्यांत जमा करण्याचे ठरवले, तेव्हा त्याच विद्यार्थ्यांनी जुलै महिन्यात पुण्याहून नाशिककडे पायी मोर्चा काढला. त्यांना खानावळच हवी होती. त्यांची बाजू समजणे कठीण नाही. सरकारी रक्कम लांबली की तेवढे दिवस उसनवारीवर काढावे लागतात, आणि वेळेवर आली तरी घरच्या दुखण्याखुपण्यापुढे मुलाचे जेवण मागे पडते. निर्धन विद्यार्थ्याला दोन वेळच्या ताटाची हमी ही विद्येइतकीच मोलाची आहे. माझे गाऱ्हाणे एवढेच की, ज्याच्यावर सक्ती केली त्यालाच जमाखर्चापासून दूर ठेवले जाते.

या बाबतीत चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीतला कामगार विद्यार्थ्याच्या पुढे आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ४६ व्या कलमाने अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यांत उपाहारगृह सक्तीचे करण्याचा अधिकार राज्य सरकारांना दिला, आणि त्याच्या व्यवस्थापक समितीत कामगारांचे प्रतिनिधित्व असावे, पदार्थांच्या दरांचेही नियमन व्हावे, अशी तरतूद त्याच कलमात केली. यंत्रावर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या बाबतीत जे तत्त्व स्वातंत्र्य मिळाल्यावर दुसऱ्याच वर्षी मान्य झाले, ते यंत्रविद्या शिकणाऱ्या त्याच्या मुलाला वसतिगृहात का लागू होऊ नये, याचे समाधानकारक उत्तर मला सापडलेले नाही.

समितीत केवळ नावापुरती दोन मुले बसवून हे साधणार नाही. ठेक्याचा करारनामा त्यांना वाचावयास मिळाला पाहिजे, किराण्याच्या पावत्या भोजनगृहाच्या फलकावर लागल्या पाहिजेत, घरचा शिधा आणणाऱ्याला त्याच्या किमतीची सूट मिळाली पाहिजे; आणि सत्राच्या मध्यावर डाळ-तेलाचे बाजारभाव पाहून दराचा फेरविचार करण्याचा अधिकार त्या समितीकडे असला पाहिजे, म्हणजे भाववाढीचा भार गुपचूप वरणावर पडणार नाही, आणि चार रुपये अधिक द्यावे की आठवड्यातून एक भाजी कमी करावी, हे जेवणारी मुलेच एकत्र बसून ठरवतील.